महाविद्यालयाची वाट आणि मनातील धास्ती

राज्य शासनाने १ फेब्रुवारी २०२२ पासून महाविद्यालये पुन्हा उघडण्यास परवानगी दिली. परळी वैजनाथमधील कित्येक घरांत या बातमीने आनंदाबरोबर धास्तीही आणली असेल, तर नवल नाही. मार्च २०२० पासून शिक्षण कधी बंद, तर कधी मोबाईलच्या पडद्यावर. २० ऑक्टोबर २०२१ रोजी वर्ग उघडले न उघडले तोच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि सिरसाळा, धर्मापुरीसारख्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींपुढे रोजच्या प्रवासाचाच प्रश्न उभा राहिला. जानेवारीत वर्ग पुन्हा बंद. त्यात त्या वर्षी प्रथम वर्षात आलेल्यांची बारावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती. दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. "मला खरोखर काही येते का?" ही शंका अशा मुलाला आतून पोखरत असते.

तो ती बोलून दाखवतो तेव्हा आपण काय उत्तर देतो? बहुधा म्हणतो, "नमाज पढ, अल्लाहवर भरवसा ठेव, घाबरतोस काय?" शब्द चांगले आहेत, पण त्यांतून मुलाला एवढेच ऐकू येते की घाबरणारा तो ईमानमध्ये कच्चा. पुढच्या वेळी तो बोलत नाही.

हिरा गुहेतील पहिल्या वह्यीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) घरी परतले ते थरथरत. अंगावर पांघरूण घालण्यास त्यांनी सांगितले आणि आपल्या जिवाची भीती वाटते, हेही पत्नीजवळ उघडपणे बोलून दाखवले. ही हकीकत सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आली आहे. ज्यांच्या ईमानाविषयी कोणी प्रश्न करू शकत नाही, त्यांनी भीती लपवली नाही.

आता हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडे पाहा. त्यांनी आधी पांघरूण घातले. मग ऐकून घेतले. अल्लाह आपणास कधीही अपमानित होऊ देणार नाही, असा दिलासा दिला. आणि तो पोकळ नव्हता. आपण नातेसंबंध जपता, दुर्बलांचा भार उचलता, पाहुण्यांचे आदरातिथ्य करता, अशी प्रेषितांच्या आयुष्यातील खरी उदाहरणे त्यांनी पुढे ठेवली. त्यानंतर त्या त्यांना जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. प्रत्येक गोष्ट आपणच समजावू शकतो, असे त्यांनी मानले नाही.

आईवडिलांनो, आपल्या घरातही हे करता येते. टाळेबंदीत याच मुलाने आजीची औषधे आणली असतील, धाकट्या भावंडांना शिकवले असेल. ते त्याला आठवून द्या. विषय समजत नसेल तर प्राध्यापकांना भेटण्यास पाठवा. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा कसला?

दुसरा सल्ला अधिक धोक्याचा आहे: "राहू दे, एक वर्ष थांब." मुलगा कुठल्यातरी दुकानात कामाला लागतो, मुलीसाठी स्थळे येऊ लागतात, आणि ते एक वर्ष कधी संपतच नाही. मुलींच्या बाबतीत तर प्रवासाची काळजी हे शिक्षण थांबवण्याचे सोयीचे कारण होऊन बसते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. प्रेषितांनी (स.) चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला, तेव्हा त्याच दुआमध्ये असमर्थता आणि आळस यांपासूनही मागितला. चिंता माणसाचे हातपाय बांधते, हे यातून ध्यानी येते.

सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या मातेची अवस्था आली आहे. बाळ परत मिळेल, असे वचन साक्षात अल्लाहचे होते. तरीही तिचे काळीज रिते झाले. अल्लाहनेच ते सावरले. आणि ती बसून राहिली नाही. तिने मुलीला बाळाच्या मागावर पाठवले. तवक्कुल आणि पाळत, दोन्ही एकाच मातेच्या ठायी होते.

तेव्हा लेकीला घरी बसवण्याआधी गावातून परळीला जाणाऱ्या आणखी दोघी-तिघी शोधा, मिळून एखादी जीप ठरवा, येण्याजाण्याची वेळ ठरवून घ्या. मुलाला परीक्षेची धास्ती असेल तर फज्रनंतर घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका हाताने लिहायला बसवा. त्या दोन वर्षांत लिहिण्याची सवयच मोडली होती. पहिल्या दिवशी अर्धीच झाली तरी रागावू नका.