झोळीत टाकलेले व्यसन



इळकल म्हटले की आपल्या मायबहिणींना इरकली लुगडे आठवते. त्याच गावच्या विजयमहांतेश मठाचे लिंगैक्य डॉ. महांत स्वामीजी (१९३०-२०१८) यांनी १९७५ पासून खांद्याला झोळी लावून गावोगाव भिक्षा मागितली. भिक्षा धान्याची नव्हे, पैशाचीही नव्हे. “तुमचे व्यसन या झोळीत टाका,” एवढेच त्यांचे मागणे. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो.

स्वामीजींनी व्यसनी माणसाला मठाबाहेर ठेवले नाही, ते स्वतः त्याच्या दारी गेले. ही रीत शरणांचीच आहे. हेंड म्हणजे दारू विकणारे मारय्या बाराव्या शतकात शरणांच्या पंगतीत बसले, आणि ‘धर्मेश्वरलिंग’ या अंकिताने त्यांनी वचनेही केली. महात्मा बसवण्णांनी फांद्यांवर उड्या मारणाऱ्या माकडाची उपमा दिली, ती कोणा पाप्याच्या मनाला नव्हे, स्वतःच्याच मनाला. मग आपण कोण मोठे निर्व्यसनी? सकाळचा चहा अर्धा तास चुकला तर आपले डोके दुखते की नाही?

सुख मिळाले की ते पुन्हा हवेसे वाटणे ही देहाला निसर्गानेच दिलेली ओढ आहे. अन्नाची, अपत्याची ओढ तीच. दारू-तंबाखू याच वाटेने मेंदूत शिरते आणि हळूहळू तिथली मालकीण होते. म्हणून वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार मानते. आणि हा आजार उलटतो.

इथेच आपली चूक होते. एखाद्याने झोळीत व्यसन टाकले, चार महिने पाळले आणि लग्नाच्या वरातीत पुन्हा प्याला. आपण म्हणतो, “शपथ मोडली, गेला कामातून.” तो लाजेने मठाची पायरी चढत नाही, आणि एकटा पडला की अधिकच पितो. मधुमेह्याची साखर वाढली तर त्याला आपण वैद्याकडे नेतो, पंगतीतून उठवत नाही!

आणखी एक सांगणे जरुरीचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. संकल्प मठात करावा, पण ते दिवस दवाखान्याच्या देखरेखीखाली काढावेत. पुण्याच्या मुक्तांगणात (स्थापना १९८६) रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीशीही बोलतात, तिलाही धीर देतात. घरोघरच्या माउलींनी हे ध्यानात ठेवावे. नवऱ्याच्या पिण्याचा दोष त्यांचा नव्हे.

आणि तोच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झोळीपुढे आला, तर मागचा हिशेब न विचारता त्याला आधी प्रसादाला बसवावे.