जनुकांची काटछाट आणि मेंदूची घडण

मातीत राहणारा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक गोलकृमी शास्त्रज्ञांच्या फार आवडीचा आहे. त्याच्या उभयलिंगी देहात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात. मानवाच्या मेंदूत त्यांची संख्या सुमारे ८६०० कोटी भरते. असे असूनही प्रथिने घडविणारी जनुके दोघांपाशीही जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे वीस हजार आहेत! मग आपला मेंदू एवढा गुंतागुंतीचा झाला कसा? या कोड्याचे संपूर्ण उत्तर एका लेखात मावणारे नाही. परंतु त्याच्या एका महत्त्वाच्या भागाचा येथे परिचय करून देत आहे.

जनुकातील मजकुराची प्रथम एक नक्कल होते. तिला आर.एन.ए. म्हणतात. ही नक्कल वाचून पेशी प्रथिन तयार करते. जनुकातील मजकूर सलग असतो, अशीच पूर्वी समजूत होती. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी स्वतंत्रपणे अ‍ॅडिनोव्हायरस नावाच्या विषाणूचा अभ्यास करताना ती खोटी ठरविली. अर्थपूर्ण तुकड्यांच्या मध्ये निरुपयोगी वाटणारे लांबलचक तुकडे असतात आणि पेशी ते कापून टाकून उरलेले तुकडे सांधते, असे त्यांना आढळले. याबद्दल १९९३ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. ठेवावयाच्या तुकड्यांस एक्झॉन व गाळावयाच्या तुकड्यांस इन्ट्रॉन ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ साली दिली.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक वेळी तेच एक्झॉन ठेवले जातात असे नाही. ‘गोविंद मामासह काल गावाला गेला नाही’ हे वाक्य घ्या. त्यातील ‘मामासह’ गाळा, ‘काल’ गाळा, अथवा ‘नाही’ गाळा. शब्दांचा क्रम न बदलताही दर वेळी निराळे विधान तयार होते, आणि शेवटच्या प्रकारात तर अगदी उलटे! हीच पर्यायी काटछाट होय. मानवाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक जनुकांच्या बाबतीत ती घडते, आणि मेंदूत तर तिला विशेषच ऊत येतो.

फळमाशीच्या ‘डीस्कॅम’ नावाच्या जनुकाचे उदाहरण गणिताची आवड असणाऱ्यांना रुचेल. त्यात चार ठिकाणी पर्यायी तुकड्यांचे संच आहेत. पहिल्या ठिकाणी १२ पैकी एक, दुसऱ्या ठिकाणी ४८ पैकी एक, तिसऱ्या ठिकाणी ३३ पैकी एक व चौथ्या ठिकाणी दोहोंपैकी एक तुकडा निवडला जातो. गुणाकार करून पाहा : ३८,०१६! एका जनुकापासून एवढी निरनिराळी प्रथिने संभवतात. माशीच्या एकंदर जनुकांहूनही ही संख्या मोठी आहे. या विपुलतेचा उपयोग काय? प्रत्येक चेतापेशी त्यांतील थोड्याच प्रकारांचा एक संच जणू अंगावर खूण म्हणून धारण करते. तिच्याच दोन शाखा एकमेकींस भिडल्या की सारख्या खुणा जुळतात आणि शाखा परस्परांपासून दूर सरतात. त्यामुळे पेशी स्वतःतच गुरफटत नाही. परक्या पेशीची शाखा भेटली तर खुणा जुळत नाहीत व असे दूर सरणे घडत नाही. आपलेपणा ओळखून दूर व्हावयाचे, हा न्याय आपल्या व्यवहाराच्या उलटा खरा, पण माशीच्या मेंदूची आखणी त्यानेच नीटस होते.

आपल्या देहात डीस्कॅमची अशी करामत नाही. परंतु ‘न्यूरेक्सिन’ नावाच्या तीनच जनुकांपासून काटछाटीने हजाराहून अधिक प्रकार निर्माण होतात. दोन चेतापेशी जेथे एकमेकींस निरोप देतात, त्या संपर्कस्थानी ही प्रथिने असतात. समोरच्या पेशीतील कोणत्या प्रथिनाशी त्यांचे सख्य जुळेल, हे त्या प्रकारावर अवलंबून असते. २०११ साली उंदरांवरील संशोधनात असे दिसले की, चेतापेशी उत्तेजित झाल्या म्हणजे न्यूरेक्सिनमधील एका विशिष्ट तुकड्याची निवडच बदलते. शिकणे म्हणजे अशी संपर्कस्थाने बळकट वा दुबळी होणे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पेशीवर जे गुदरते, त्याचा परिणाम तिच्या मजकुराच्या काटछाटीपर्यंत पोहोचतो. केवळ यावरून स्मृतीचा उलगडा झाला असे मात्र कोणी समजू नये.

काटछाट चुकली तर काय होते, याचे उदाहरण हृदयद्रावक आहे. ‘एस.एम.एन. १’ हे जनुक ज्या बालकांत नसते, त्यांच्या मज्जारज्जूतील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. तीव्र प्रकारात मूल मानही सावरू शकत नाही आणि पुढे श्वासही कष्टाने घेते. नवल असे की, त्यांच्यापाशी ‘एस.एम.एन. २’ हे जवळजवळ तसेच दुसरे जनुक असते. परंतु त्यातील एका अक्षराच्या फरकामुळे सातवा एक्झॉन बहुधा गाळला जातो आणि प्रथिन अपुरे राहते. एड्रियन क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळण्याच्या खुणेवर नेमका बसेल असा एक लहानसा कृत्रिम धागा शोधला. तो पाठीच्या कण्यातील द्रवात टोचला की खूण झाकली जाते, सातवा तुकडा जागच्या जागी राहतो आणि पुरते प्रथिन तयार होऊ लागते. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. त्याची किंमत अतिशय भारी असून ते दर चार महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते. तरीही पूर्वी ज्यांना आधाराविना बसताही आले नसते, अशी कित्येक मुले आता बसतात, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच ज्यांना ते मिळाले, त्यांतील अनेक चालूही लागली आहेत.