संगणकाच्या वहीत उधारी दोनदा कशी चढली?

सन २०२४ च्या दिवाळीनंतर कापूस विकून आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून आम्ही २,१५० रुपये जास्त घेतले. नियत खोटी नव्हती, पण पैसे घेतले गेले हे खरे. आमच्या संग्रामपूर तालुक्यात कापडाची उधारी कापसावर चालते, हे या भागातील व्यापारी बांधवांना सांगावयास नको. सदर गिऱ्हाइकाची जुनी बाकी ३,४०० रुपये होती, त्यावर दिवाळीचे कापड २,१५० चे. म्हणजे एकूण ५,५५०. संगणकाने मात्र ७,७०० दाखविले.

"शेठ, एवढे कसे होतीन जी? म्या तं एकाच खेपीनं कापड नेलं," तो म्हणाला. आम्ही पडद्याकडे बोट दाखविले. दुकानात चार माणसे बसली होती. त्याने पुढे एक शब्द न काढता पैसे मोजून दिले.

रात्री बिलबुकातील स्थळप्रती काढून पाहिल्या, तर दिवाळीचे बिल एकच होते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीची लिखापढी करण्याचा हुकूम आहे, आणि त्यात मजकूर सांगण्याचे काम देणेकऱ्याकडे दिले आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. येथे देणेकरी तोंडाने सांगत होता आणि आम्ही यंत्राचे ऐकत होतो. म्हणून दोष कोठे होता, तो कसा सापडला आणि अशा वेळी काय तपासावे, हे व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी सविस्तर लिहीत आहोत. ज्यांची मुले आता दुकानाचा हिशोब अशा पद्धतीने ठेवू लागली आहेत, त्यांनी हा मजकूर मुलांनाही वाचावयास द्यावा.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावी. आमचे बिल करण्याचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. पुतण्या कॉलेजात पायथॉन शिकला तो लिनक्सवर. दोन संगणक घेणे परवडत नाही, म्हणून त्याने विंडोजच्या आतच लिनक्स बसविले. या सोयीला डब्ल्यूएसएल म्हणतात, म्हणजे लिनक्ससाठी विंडोजमधील उपप्रणाली. मायक्रोसॉफ्टने ती २०१६ साली आणली. पहिल्या आवृत्तीत लिनक्सची मागणी विंडोजच्या भाषेत फिरविणारा एक दुभाषी बसविलेला होता. २०२० मध्ये सर्वांना मिळालेल्या दुसऱ्या आवृत्तीत दुभाषी जाऊन खरोखरीचे लिनक्स एका छोट्या आभासी यंत्रात चालू लागले. पेढीच्या मागे गोदाम असावे, तसे हे समजा. मालक एक, पण कुलपे दोन आणि मधे एक दार. बहुतेक तक्रारी त्या दारात उत्पन्न होतात.

त्या गोदामात पुतण्या ज्युपिटर नावाची वही चालवितो. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आयपायथॉन सुरू केले, त्यातून २०१४ मध्ये ज्युपिटर निघाले. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन संगणकभाषांच्या नावांवरून हे नाव जुळविले आहे. या वहीत चौकटी असतात. चौकटीत आज्ञा लिहावी, शिफ्ट आणि एंटर दाबावे, उत्तर खाली उमटते. वही ब्राउझरमध्ये दिसते, परंतु गणित करणारा इसम वेगळा, तो पडद्यामागे बसतो. त्याला कर्नल म्हणतात. पानावर जे दिसते ते कागद, कर्नलला जे आठवते ते मुनीमजींचे डोके, आणि या दोहोंत फरक पडू शकतो. ही गोष्ट आम्हांस पैसे परत करण्याची पाळी आल्यावर कळली.

आता अडचणी. (पुढे दिलेल्या आज्ञांचे येथे उच्चार दिले आहेत; संगणकावर त्या रोमन लिपीत लहान अक्षरांत लिहाव्यात.)

वही उघडतच नाही, ही पहिली तक्रार. कारण साधे आहे. गोदामातला ज्युपिटर गोदामातलाच ब्राउझर शोधतो, आणि तेथे ब्राउझर नसतो; किंवा तो विंडोजच्या ब्राउझरला आपल्या घरातल्या फाइलचा पत्ता देतो, जो विंडोजला सापडत नाही. अशा वेळी "ज्युपिटर लॅब --नो-ब्राउझर" ही आज्ञा द्यावी, आणि काळ्या पडद्यावर लोकलहोस्टने सुरू होणारा जो लांब पत्ता येतो तो टोकनसह पूर्ण उचलून विंडोजच्या ब्राउझरमध्ये टाकावा. अर्धा पत्ता उचलला की पासवर्ड मागतो आणि मुले विनाकारण घाबरतात. पत्त्यातील आकडा ८८८८ आहे की ८८८९ हेही पाहावे. विंडोजमध्ये पूर्वी कोणी दुसरा ज्युपिटर बसविला असेल व तो ८८८८ अडवून बसला असेल, तर भलतीच वही उघडते आणि आपल्या फाइली नाहीशा झाल्या असे वाटते. त्या नाहीशा झालेल्या नसतात, आपण शेजारच्या घरात शिरलेलो असतो.

पत्ता बरोबर असून पान येत नसेल, तर लॅपटॉप झोपून उठला आहे काय ते विचारावे. आमच्याकडे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, थोड्या वेळाने आपोआप झोपतो. उठल्यावर कधी कधी मधले दार बंदच राहते. उपाय: चालू काम जपून ठेवावे, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये "डब्ल्यूएसएल --शटडाउन" लिहावे आणि लिनक्स पुन्हा उघडावे. दहांपैकी सात वेळा आमचे काम एवढ्यावर भागले.

याच झोपेमुळे दुसरा एक गुप्त दोष येतो. लिनक्सचे घड्याळ मागे पडते. विंडोजच्या कोपऱ्यात आजची तारीख, आणि वहीत कालची. उधारीचे दिवस मोजणाऱ्याला हा फरक महागात पडतो. "डेट" ही आज्ञा देऊन ताडून पाहावे. फरक असेल तर "सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस" लिहावे. शटडाउननेही घड्याळ जाग्यावर येते. नव्या आवृत्त्यांत हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे, तरी पाहणे बरे.

तिसरी तक्रार, "मॉड्यूल सापडले नाही." मुलगा शपथेवर सांगतो की कालच बसविले. तो खरे बोलतो, पण त्याने ते दुसऱ्या पायथॉनमध्ये बसविलेले असते. एका यंत्रात तीन-तीन पायथॉन असू शकतात: विंडोजचा एक, लिनक्सचा एक, आणि प्रकल्पासाठी केलेला वेगळा एक. चौकटीत "सिस" आणून "सिस.एक्झिक्युटेबल" छापावे, कर्नल कोणत्या घरचा आहे ते कळते. नंतर चौकटीतूनच टक्केवारीचे चिन्ह लावून "पिप इन्स्टॉल" करावे, म्हणजे माल त्याच घरात उतरतो. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या मूळ पायथॉनमध्ये पिपने काही बसवू देत नाहीत. ती खोडी नसून संरक्षण आहे. वेगळे वातावरण, म्हणजे व्हेन्व्ह, करून त्यात काम करावे.

कर्नल मेला असा संदेश येतो, तेव्हा बहुधा मेमरी संपलेली असते. डब्ल्यूएसएल साधारणतः संगणकाच्या निम्म्याच मेमरीला हात लावते. चार जीबीच्या यंत्रात लिनक्सच्या वाट्याला दोन येतात, म्हणून फार मोठ्या फाइली एकदम उघडू नयेत. विंडोजमधील आपल्या नावाच्या फोल्डरात "डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग" नावाची फाइल करून हा वाटा बदलता येतो. परंतु नोटपॅड गुपचूप शेवटी "डॉट टीएक्सटी" जोडतो आणि मग ती फाइल कोणी वाचत नाही. आमचा अर्धा दिवस यात गेला.

आमची जुनी खाती उर्दूत होती, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. नावे उर्दूत किंवा मराठीत असतील तर एक्सेलमधून फाइल जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि ती पुन्हा अक्षरे होत नाहीत. आकडेही उर्दू किंवा देवनागरी असतील तर पांडाज त्यांना अक्षरे समजते. आम्ही पहिली बेरीज केली तेव्हा आकडे मिळण्याऐवजी एकापुढे एक चिकटून लांबलचक माळ तयार झाली. एका फटक्यात आम्ही जिल्ह्यातले सर्वांत मोठे सावकार झालो होतो.

आता मूळ दोषाकडे येतो. आमची बिले विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये, दर दिवसाची एक अशी हजाराहून अधिक लहान फाइली. लिनक्समधून तो ड्राइव्ह "एमएनटी" मधील "सी" या नावाने दिसतो. दुसऱ्या आवृत्तीत या दारातून प्रत्येक फाइल नाइन-पी नावाच्या संदेशपद्धतीने आणली जाते. ही पद्धत मूळची बेल प्रयोगशाळेच्या प्लॅन-नाइन या प्रणालीतील. एखादी मोठी फाइल यातून बरी येते, पण हजार लहान फाइली म्हणजे हमालाने एकेक ठाण गोदामातून पेढीवर आणण्यासारखे. वेळ लागतो.

त्या दिवशीही वेळ लागला. वहीत चार चौकटी होत्या. पहिली जुनी बाकी वाचते, दुसरी बिले वाचते, तिसरी बाकीत बिले मिळविते, चौथी यादी छापते. दुसऱ्या चौकटीपुढे कंसात तारा दिसत होता, म्हणजे काम चालू. गिऱ्हाईक समोर उभे. आम्ही तिसरी चौकट चालविली, काही होईना; पुन्हा तिच्यावर जाऊन शिफ्ट-एंटर दाबले. कर्नलने नकार दिला नाही. दोन्ही हुकूम त्याने रांगेत लावले, आणि बिले वाचून झाल्यावर बाकीत २,१५० एकदा मिळविले, मग पुन्हा मिळविले. त्या दिवशी यादीतल्या प्रत्येक नावावर नवी बिले दुप्पट चढली होती. पैसे द्यायला तेवढा हा एकच आला, ही अल्लाहची मेहेरबानी.

पुतण्याने रात्री वही उघडली. प्रत्येक चौकटीच्या डाव्या बाजूला कंसात एक आकडा असतो. कर्नलने ती चौकट कितव्या क्रमाने चालविली तो हा आकडा. आमच्या वहीत क्रमाने १, २, ४, ५ असे होते. "चाचा, तीन नंबर कुठे गेला?" तो म्हणाला. पावतीबुकातून एक नंबर गहाळ झाला तर आम्ही नोकराला सोडत नाही. येथे तो दिवसभर डोळ्यांसमोर गहाळ होता. तिसरी चौकट एकदा ३ म्हणून चालली, आणि ४ म्हणून चालताच आधीचा आकडा पुसला गेला. कागदावर एकच ओळ, डोक्यात दोन नोंदी.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. बिलांची प्रत लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवली. दुसरी चौकट आता लगेच चालते. विंडोजमधून ते फोल्डर पाहावयाचे असल्यास फाइल एक्स्प्लोररच्या डाव्या यादीत लिनक्स असे दिसते. दुसरे, तिसऱ्या चौकटीत बाकीतच बिले मिळवून तिलाच बाकी म्हणणे बंद केले. जुनी बाकी तशीच राहते आणि बेरीज "एकूण" या नव्या नावाने होते, त्यामुळे चौकट दहा वेळा चालविली तरी उत्तर तेच. तिसरे, कोणालाही आकडा सांगण्याआधी कर्नलच्या यादीतून "रीस्टार्ट करून सर्व चौकटी चालवा" हाच हुकूम द्यावयाचा. त्याने डोके रिकामे होते आणि वही पहिल्या ओळीपासून वाचली जाते. आकडे १ पासून सलग आले तरच यादी खरी.

येथे एक इशारा. माहीतगार म्हणविणारे काही लोक प्रत्येक अडचणीवर लिनक्स काढून नव्याने बसविण्याचा सल्ला देतात. "डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर" या आज्ञेने लिनक्सबरोबर होम फोल्डरातील सर्व वह्याही जातात, आणि त्या रद्दीच्या टोपलीतही सापडत नाहीत. काढण्याआधी "डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट" करून पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. आम्ही दर जुम्याला, नमाजीपूर्वी दुकान बंद करताना, ही प्रत घेतो. ज्यांना मुळापासून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व पायथॉनचे पाठ मराठीतही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुतण्याला घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी त्या गिऱ्हाइकाच्या गावी गेलो. तो शेतात होता. पैसे दिले, बिलाची स्थळप्रत दाखविली, आणि झाला प्रकार त्याच्या भावांसमोर सांगितला, कारण मागणी चार लोकांसमोर झाली होती. त्याने पैसे मोजले नाहीत, तसेच बंडीच्या खणात टाकले. "मले वाटलं, मीच इसरलो असीन," एवढेच बोलला.

पुतण्याने आता वहीत सर्वांत वर एक जादा चौकट घातली आहे. ती विंडोज आणि लिनक्स या दोहोंच्या तारखा छापते आणि वाचलेल्या बिलांची संख्या बिलबुकाच्या शेवटच्या नंबराशी ताडते. जुळले नाही तर वही तेथेच थांबते, आणि आम्ही बिलबुक काढतो.