मोपेड ओढत नाही? आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग सायलेन्सर

सुलतानपूरहून लोणार-मेहकरच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणाऱ्यांना मोपेडचे महत्त्व सांगायला नको. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना आणली आणि लहान व्यापाऱ्याची सायकल सुटली. पेट्रोलवरची लूना आता बनत नाही, पण जुन्या टू-स्ट्रोक मोपेड आजही माल वाहतात. गाडी चढावर दम तोडते, तेव्हा आपण थेट इंजिन खोलायला देतो. बाजार बुडतो, पैसाही जातो. म्हणून आम्ही सांगतो, व्यापारी बंधूंनो, तपासणी क्रमाने करा.

पहिले पेट्रोल. इंजिन थंड होऊ द्या. गठ्ठे दूर ठेवा, जवळपास विडी पेटवू नका. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरा व कॉक उघडा. धार सलग हवी. थेंब थेंब आले तर कॉक किंवा जाळी कचऱ्याने भरली आहे. धार हळूहळू मंदावते आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सुरू होते, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते साफ केले की काम झाले.

धार बरोबर आहे, तरी चोक अर्धा लावल्यावर गाडी जास्त ओढते, तर इंजिनाला पेट्रोल कमी पोचते. जेट काढून हवा मारा. तार घालू नका, छिद्र मोठे होते. आज पंपांवर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बाटलीतले पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

दुसरी ठिणगी. प्लग काढून पाहा. तपकिरी रंग ठीक. काळा व ओला असेल तर चोक अडकला, ऑइल जास्त झाले किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरा असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी हवा शिरते. अशी गाडी रेटू नका, पिस्टन जाम होईल.

तिसरा सायलेन्सर. गाडी सहज सुरू होते, उभी असताना नीट चालते, पण गठ्ठा लादला की ओढत नाही, तेव्हा सायलेन्सरचा संशय घ्या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळून तिथे कार्बन साचतो आणि धुराची वाट अडते. मिस्त्रीकडून सायलेन्सर व इंजिनाचे धुराचे तोंड खरवडून घ्या.

ऑइल वाचवण्याच्या नादात ते कमी घालू नका. कंपनीने दिलेले प्रमाण मापाने घाला, अंदाजाने नको. कापड आपण गजाने मोजतो, ऑइलही तसेच मोजावे.

हे तिन्ही पाहूनही ताकद येत नसेल, तरच पिस्टन-रिंगचा विचार करा. आणि ही तपासणी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी करा, पहाटे गठ्ठे बांधल्यावर नव्हे.