प्रकल्प पद्धती आणि गावचा मूर्तिव्यवसाय

प्रकल्प पद्धतीचे विवेचन विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 साली केले. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मधील वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची योजना मांडली आणि ‘समवाय’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. पुढे कित्येक ठिकाणी सूत तेवढे निघाले व समवाय टाचणवहीतच राहिला. प्रकल्पाचेही तसेच होण्याचा संभव आहे. म्हणून एक उदाहरण घेऊ.

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावातील शिक्षकास वर्गात मूर्ती करवून घेणे हाच प्रकल्प वाटणे साहजिक आहे. परंतु जे काम मूल नित्य पाहते, तेच शाळेत केल्याने त्याच्या ज्ञानात कोणती भर पडणार? प्रारंभ प्रश्नापासून व्हावा. साच्यातील प्लास्टर थोड्याच वेळात घट्ट होते. शाडूची मूर्ती मात्र आषाढात दिवसच्या दिवस ओलसर राहते. असे का?

मुलांनी शाडूचा ओला गोळा रोज ठरावीक वेळी तोलून वजन नोंदवावे व त्याचा आलेख काढावा. प्लास्टर शिक्षकांनी स्वतः कालवावे. ते घट्ट होताना तापते व हात भाजू शकतो, यास्तव मुलांनी भांड्यास बाहेरूनच स्पर्श करावा. जिप्सम तापवून त्यातील बरेचसे पाणी घालविले की प्लास्टर तयार होते. कालविताना ते पाणी पुन्हा त्यात बद्ध होते व उष्णता बाहेर पडते. शाडूतील पाणी हवेत जावे लागते, आणि पावसाळी दमट हवा ते सावकाश घेते. एक वस्तू पाणी धरून घट्ट होते, दुसरी पाणी सोडून. हा भेद मुलांनी आपल्या आकड्यांवरून ओळखावा; तत्पूर्वी शिक्षकांनी तो सांगू नये.

नंतर दोन्ही वाळलेले तुकडे निरनिराळ्या बादल्यांत ठेवावेत. शाडू विरघळून तळाशी बसतो, प्लास्टर तसेच राहते. येथे विषय नाजूक होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि वर्गातील एखाद्या मुलाच्या घरची चूल त्याच प्लास्टरवर पेटत असेल. शिक्षकांनी निवाडा देऊ नये. मुलांनी कारखान्यात जाऊन, “काका, शाडूच्या मूर्तीस दिवस किती लागतात? वाहतुकीत किती फुटतात?” असे विचारावे. माती, मजुरी व फूट यांचा हिशेब दोन्ही प्रकारांसाठी मांडावा. गणिताचा पाठ तेथेच होतो. नदीखाडीच्या पाण्याची बाजूही त्याच कागदावर यावी.

नोंदवह्या तपासताना सुबक अक्षरापेक्षा प्रामाणिक आकड्यास अधिक गुण द्यावेत. एखाद्या दिवशी गोळ्याचे वजन वाढलेले आढळल्यास तो आकडा खोडावयास लावू नये. आदल्या रात्री पावसाचे तुषार खिडकीतून आत आले होते काय, हे मुलांनाच शोधू द्यावे.