छातीचा फोटो काढणाऱ्याची नोकरी

नीटचा निकाल मनासारखा लागला नाही की घरात ‘मग पॅरामेडिकलला टाकूया का?’ अशी कुजबुज सुरू होते. रेडिओग्राफीचं नाव निघालं की आईला काळजी किरणांची, वडिलांना पगाराची. मुलाला काय वाटतं, ते बहुधा कोणी विचारत नाही.

आधी एक घोळ निस्तरू. एक्स-रे वाचून रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट हा एमबीबीएसनंतर एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर असतो. फोटो काढतो तो टेक्नॉलॉजिस्ट. टेक्नॉलॉजिस्टची पदवी म्हणजे डॉक्टर होण्याचा मागचा दरवाजा नव्हे, हे मुलाला प्रवेशाआधीच स्वच्छ सांगा.

‘त्यात काय, बटणच तर दाबायचं!’ असं म्हणणाऱ्यांनी छातीचा साधा फोटो कसा निघतो ते बघावं. रुग्ण प्लेटला छाती टेकवून उभा राहतो, ट्यूब पाठीमागे साधारण सहा फुटांवर असते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असल्याने अशा वेळी त्याची सावली फुगत नाही. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मंगळसूत्र, ताईत काढायला लावायचे, वेणी वर बांधायची. जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडली तर तिथे डाग असल्याचा भास होतो. मग ‘श्वास घ्या, रोखून धरा.’ अर्धाच श्वास घेतला तर तळाचा भाग दाटलेला आणि हृदय मोठं दिसतं, आणि धडधाकट माणसाच्या मागे नसतं झेंगट लागतं. समोर कमी ऐकू येणाऱ्या आजी असतात, दम लागलेला माणूस असतो, रडणारं पोर असतं. माणसांचा कंटाळा असलेल्या मुलाने या वाटेला जाऊ नये.

किरणांची भीती अनाठायी नाही, पण ती मोजता येते. छातीच्या एका फोटोत रुग्णाला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळत असतात. टेक्नॉलॉजिस्ट तर शिशाच्या आडोशामागे उभा असतो. त्याच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो, त्याची ठरावीक काळाने तपासणी होते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. बॅज न देणारा मालक मात्र टाळावा, पगार कितीही असो.

एआयचं काय? मुंबईच्या क्यूअर.एआयसारख्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर छातीचे फोटो वाचतं, आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. पण फोटो वाकडा निघाला तर सॉफ्टवेअरही फसतं.

सुरुवातीचा पगार छोट्या सेंटरमध्ये बेताचाच असतो, रात्रपाळी चुकत नाही. सीटी, एमआरआयवर हात बसला की भाव वाढतो. त्यासाठी बारावीनंतर (विज्ञान शाखा) विद्यापीठाशी संलग्न पदवी घ्यावी. आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता तपासता येते. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या जाहिरातींवर फी घालवू नका. कॉलेज पाहायला गेलात की विचारा: इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, तिथे रोज किती फोटो निघतात, आणि मुलं ते स्वतः काढतात की कोपऱ्यात उभी राहून बघतात? ‘सगळं माहितीपत्रकात आहे’ असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.