मीटरचा लुकलुकणारा दिवा काय सांगतो?

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. वीज कोठून येते हे आपल्या जिल्ह्यांतील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र घरात शिरलेली वीज कोठे जाते, हे महिन्याच्या बिलातील आकड्यावरून कळत नाही. तो आकडा उलगडून दाखविणे हे ऊर्जा-संवेदनाचे काम होय.

त्याचा पहिला पाठ भिंतीवरच आहे. मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने असे लिहिले असेल, तर लाल दिव्याची प्रत्येक उघडझाप १,१२५ ज्यूल ऊर्जा दर्शविते. ७५ वॅटचा एकच पंखा चालू असता दिवा १५ सेकंदांनी लुकलुकतो; ३० वॅटचा नवा पंखा असल्यास साडेसदतीस सेकंदांनी. आम्ही एका रात्री वसतिगृहातील सारे दिवे-पंखे बंद करून मीटरसमोर उभे राहिलो. तरीही दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकत होता! संगणक खोलीतील यंत्रे बंद होती, पण त्यांची बटणे चालूच होती. पंचवीस वॅट, म्हणजे महिन्याला अठरा युनिटे.

हीच मोजणी संवेदक अखंड करतो आणि जाळ्यावरून पाठवितो. एकूण वापरातील चढउतारांवरून कोणते उपकरण चालू झाले हे ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील जॉर्ज हार्ट यांनी १९९२च्या शोधनिबंधात मांडली. (घर केव्हा जागे होते हेही त्यातून कळते, म्हणून ही माहिती कोणाच्या हाती जाते, हे विचारलेच पाहिजे.) मुंबईच्या आयआयटीत प्रा. क्रिथी रामामृतम यांच्या प्रयोगशाळेने स्वतःच्याच आवारात मीटर व संवेदक बसवून असा अभ्यास केला.

पवईत जाळे सदैव हाताशी असते. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात ते दिवसेंदिवस नसते. म्हणून येथील संवेदकाने नोंदी स्वतःजवळ साठवाव्यात, आणि जिवाचा प्रश्न असेल तेथे निर्णयही स्वतःच घ्यावा.

त्याचे उत्तम उदाहरण जुनेच आहे. प्रवाह मोजणारे कडे एका तारेभोवती घातले तर प्रवाह दाखविते. जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारांभोवती घातले तर शून्य, कारण दोन्ही प्रवाह एकमेकांस छेद देतात. पण ओल्या भिंतीतून किंवा एखाद्या मुलाच्या अंगातून थोडा प्रवाह जमिनीत गेला, तर शून्य बिघडते. आरसीसीबी नावाचे उपकरण हाच फरक ओळखते आणि तो ३० मिलिअँपिअरवर जाताच, सेकंदाच्या अंशात वीज तोडते. त्याला इंटरनेट लागत नाही. दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर मात्र ते वाचवू शकत नाही, हेही मुलांना सांगावे.

घरी ते बसविलेले असल्यास त्यावरील चाचणीचे बटण पावसाळ्यापूर्वी दाबून पाहावे. वीज तत्काळ गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.